फूल पाहिलंत, पान पाहिलंत का?

वाचकांचे प्रश्न आणि बाईंची उत्तरं

शिमग्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत माझं टपाल दुप्पट होतं. झाडं पानं टाकून नुसत्या फुलांनी उभी राहतात, आणि वर्षभर त्याच रस्त्यानं दूध आणायला जाणारा माणूस एकदम थबकतो, की हे झाड इथं होतं कुठं? मी सांगलीच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. वर्गातल्या बरोबर उत्तरांपेक्षा मैदानावरून येणारी "बाई, हे बघा काय!" ही हाक मला अजून जास्त आठवते. तुमची पत्रं म्हणजे तीच हाक आहे. एक मात्र सांगायचंय. या खेपेला फुलांचे फोटो ढीगभर आलेत आणि पानांचे मोजून तीन. फूल हे झाडाकडे आठ-पंधरा दिवसांसाठी आलेलं पाहुणं. ओळख पटवायची तर घरच्या मंडळींना, म्हणजे पानाला, सालीला, शेंगेलाही विचारायला हवं.

फेब्रुवारीत एस.टी.च्या खिडकीतून डोंगराच्या उतारावर गुलाबी-पांढरी झाडं दिसली. एक पान नाही, नुसती फुलं. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, चेरी ब्लॉसम आहे, जपानसारखी. आपल्या सातारा जिल्ह्यात चेरी कुठून आली?
*— एक वाचक, कोरेगाव*

चेरी नाही. तुम्ही पाहिलात तो गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया. आपले शेतकरी त्याला उंदीरमारी म्हणतात, आणि शास्त्रीय नावाचा अर्थही तोच, उंदरांना मारणारं. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड. तिथं बिया आणि साल धान्यात कालवून उंदरांना घालायची रीत होती. कोकोच्या बागांना सावली म्हणूनही तिथं ते लावतात.

लांबून चेरीचा भास होतो हे खरं, पण गाडी थांबली असती आणि एक फूल हातात आलं असतं तर शंका उरली नसती. चेरीच्या फुलाला सारख्या पाच पाकळ्या, गोल मांडलेल्या. गिरिपुष्पाचं फूल पावट्याच्या फुलासारखं असतं: एक पाकळी मागं उभी, तिच्या मधोमध पिवळसर ठिपका, आणि पुढं होडीसारख्या मिटलेल्या दोन. म्हणजे हे शेंगांचं कुळ. एप्रिलमध्ये त्याच जागी गेलात तर चपट्या शेंगा उन्हात तडकताना ऐकूही येतील.

उजाड टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून हे झाड ठिकठिकाणी लावलं गेलं. फाटा रोवला तरी फुटतं, गुरं उग्र वासामुळं फारसं तोंड लावत नाहीत, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात आणि पाला उत्तम हिरवळीचं खत होतो. बांधावर ते असावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सगळा डोंगर एकट्या उंदीरमारीचा झालेला पाहिला की मला वाईट वाटतं. त्या कातळउतारावर पळस, पांगारा, गणेर यांची जागा आहे. तुमच्याच वाटेवर पुढं पिवळीधमक, वाटीएवढ्या फुलांची, निष्पर्ण झाडं दिसली तर ती गणेर. त्याला सोनसावरही म्हणतात.

शहरातल्या रस्त्यावर गुलाबी फुलांचं उंच झाड दिसलं तर मात्र ते बहुधा वसंतराणी, टॅबेबुया रोझिया. त्याची फुलं कर्ण्यासारखी असतात, खाली सडा पडतो, आणि पान हाताच्या पंजासारखं, पाच बोटांचं. पुढच्या वेळी खाली पडलेलं एक पान तेवढं खिशात घालून आणा.

मुलीकडे सांगलीला आले होते. रोज सकाळी तिच्याबरोबर बागेत जायची. तिथं एका झाडाच्या बुंध्यालाच फुलं लागलेली. फुलात वर नागाचा फणा आणि खाली पिंड असल्यासारखं दिसतं, वास फार गोड. पाटीवर 'नागचाफा' लिहिलंय. माझ्या माहेरी कोकणात नागचाफा होता, तो असा नव्हता. मी चुकते का?
*— एक आजी, कराड*

आजी, तुम्ही बरोबर आहात, पाटी चुकलीय. तुम्ही पाहिलात तो कैलासपती. ही चूक मी एकाहून जास्त बागांत पाहिली आहे, आणि दर वेळी जीव हळहळतो, कारण लहान मुलं पाटीवरचं खरं मानून घरी नेतात.

कैलासपती दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातल्या जंगलांतला. ओब्ले नावाच्या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञानं १७७५ मध्ये त्याला कौरूपिटा गियानेन्सिस हे नाव दिलं. त्यात गयाना हा त्याचा मुलूख आलाच. शंकराशी त्याचं नातं आपण जोडलं ते फुलाच्या आकारामुळं, आणि इतकं मनापासून जोडलं की देवळाच्या आवारात ते आता माहेरचं वाटतं. फुलात सहा मांसल पाकळ्या, मधे पुंकेसरांचं सपाट कडं, आणि त्याच कड्याची एक बाजू लांबून वरून वळलेली, तोच तुमचा फणा. या फुलात मध नाही. भुंगे येतात ते परागासाठी. फण्यातले पराग त्यांच्या खाण्यासाठी आणि खालच्या कड्यातले पराग बी धरण्यासाठी, अशी दोन वेगळी कोठारं झाडानं केलेली आहेत. फण्यातलं खाता खाता दुसरे पराग भुंग्याच्या अंगाला लागतात आणि पुढच्या फुलाकडे जातात. भिंग घेऊन दोन्हींकडचे केसर बघा, रंगरूप वेगळं दिसतं.

फळं तोफेच्या गोळ्यासारखी, तपकिरी, वीतभर व्यासाची. पिकून फुटली की आतल्या गराला असा वास येतो की फुलाचा सुगंध याच झाडाचा यावर विश्वास बसत नाही. फळं असतील तेव्हा खाली बाक टाकून बसू नका आणि नातवंडांना खेळू देऊ नका. गोळा डोक्यात पडला तर मोठी इजा होईल.

आता तुमच्या माहेरचा नागचाफा. त्याचं शास्त्रीय नाव मेसुआ फेरिया. 'फेरिया'मध्ये लोखंड आहे, कारण लाकूड अतिशय कठीण. त्याच्या फुलाला चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा भरगच्च झुबका. पानं अरुंद, टोकदार, समोरासमोर, खालून पांढुरकी. नवी पालवी तांबडी फुटते, तेव्हा झाड पेटल्यासारखं दिसतं. श्रीलंकेचा हा राष्ट्रीय वृक्ष. फुलं येतात फांद्यांच्या टोकांकडे, बुंध्याला कधीच नाही. तुम्ही नेमकं तेच ध्यानात ठेवलंत.

गोंधळाचं मूळ 'चाफा' या शब्दात आहे. आपल्या भाषेनं हे नाव वासावर ठेवलं, कुळावर नाही. सोनचाफा आणि कवठी चाफा हे दोघे खरोखर नात्यातले, मॅग्नोलियाच्या घरातले. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, झुडपासारखा वाढून वेलासारखा चढणारा. भुईचाफा तर आपल्या सांगलीच्या बाजारातल्या हळदीचा भाऊबंद: आधी जमिनीतून फूल वर येतं, पानं मागून. आणि देवळापुढचा देवचाफा, ज्याच्याशिवाय आपल्याला पार पुरा वाटत नाही, तो अमेरिकेकडचा. प्लुमिये नावाच्या फ्रेंच संन्यासी वनस्पतीज्ञाच्या नावावरून त्याला प्लुमेरिया म्हणतात. पान तोडलं की पांढरा चीक येतो, सोनचाफ्याला येत नाही. एवढी एक खूण धरली तरी अर्धे चाफे वेगळे होतात. एकाच नावाखाली इतकी कुळं एकत्र नांदतात ही मला आपल्या भाषेची श्रीमंती वाटते. पाटी लावताना मात्र कुठला चाफा ते नीट लिहायलाच हवं.

बाई, मी पाचवीत आहे. आमच्या साताऱ्यात १ मे ला गुलमोहर दिवस असतो. मी चित्र काढण्यासाठी फूल जवळून बघितलं तर चार पाकळ्या लाल आणि एक पांढरी, ठिपक्यांची. बाकीच्या फुलांतही तसंच आहे. झाड आजारी आहे का?
*— एक विद्यार्थिनी, सातारा*

बाळ, झाड अगदी ठणठणीत आहे. गुलमोहराच्या प्रत्येक फुलात पाचवी पाकळी वेगळीच असते: थोडी मोठी, उभी, पांढऱ्या-पिवळ्या रंगावर लाल रेघा आणि ठिपके. येणाऱ्या पाखराला मध कुठं आहे ते दाखवणारी ती खूण आहे. तू बाकीची फुलंही तपासलीस याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. एका फुलावर थांबली असतीस तर आजार वाटला असता.

आता चित्र काढताना आणखी एक बघ. पाकळी फुलाला जिथं चिकटते तिथं ती निमुळती होऊन लांब दांडीसारखी होते, चमच्यासारखी. त्यावरूनच ग्रीक शब्द जोडून 'डेलॉनिक्स' हे नाव झालं, म्हणजे 'स्पष्ट दिसणारं नख'. हे झाड मूळ मादागास्कर बेटावरचं. १८२० च्या दशकात बोयर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाला ते तिथं दिसलं आणि मॉरिशसमार्गे ते जगभर गेलं. चित्रात लाल रंग भरताना पाचवी पाकळी विसरू नकोस. मोठी माणसं नेहमी विसरतात.

आम्ही सोसायटीच्या बागेत चार वर्षांपूर्वी नर्सरीतून 'आपटा' म्हणून रोप आणून लावलं. दसऱ्याला त्याचीच पानं वाटतो. यंदा मार्चमध्ये त्याला मोठी गुलाबी-जांभळी फुलं आली. आपट्याला अशी फुलं येतात का?
*— सोसायटीचे एक सभासद, विटा*

तुम्हाला मिळालाय कांचन. दोन्ही सख्खे नातेवाईक, बोहिनिया या एकाच वंशातले, दोघांचंही पान मधे चिरलेलं, म्हणून फसगत होते. सोळाव्या-सतराव्या शतकात योहान आणि कास्पार बोहँ नावाचे दोन भाऊ मोठे वनस्पतीशास्त्रज्ञ होते. एका देठावर जुळलेली दोन दलं बघून त्या भावांचं नाव या वंशाला दिलं गेलं. मला हे नामकरण फार आवडतं.

आपट्याचं पान लहान, जाडसर, दोन-तीन बोटं रुंद, लांबीपेक्षा रुंदीच जास्त. कांचनाचं पान तळहाताएवढं आणि पातळ. आपट्याची फुलं उन्हाळ्यात येतात, बारीक, पिवळसर पांढरी, लोंबत्या दांडीवर. जवळ गेल्याशिवाय दिसतही नाहीत. तेव्हा अंगणभर दिसणारी गुलाबी फुलं आली की आपटा नाही हे नक्की.

कांचनातही दोन प्रकार बागांत सर्रास असतात. फुलातले पुंकेसर मोजा. पाच असतील, पाकळ्या रुंद आणि एकमेकींवर चढलेल्या असतील आणि झाड वसंतात पानं झडल्यावर फुललं असेल तर तो बोहिनिया व्हेरिगाटा. तीन असतील, पाकळ्या अरुंद, सुट्या असतील आणि फुलं पावसाळा सरल्यावर पानांसकट येत असतील तर बोहिनिया परप्युरिया. मार्चमध्ये फुललाय म्हणता, तेव्हा पाच भरतील असं मला वाटतं. मोजून कळवा.

कांचन तोडू नका, हात जोडून सांगते. फुलपाखरं येतील, सनबर्ड येतील. दुसऱ्या कोपऱ्यात आपटा लावा, आणि या वेळी रोप घेताना पान बघून घ्या. दसऱ्याच्या आधी आठ दिवस टेम्पो भरभरून फांद्या येतात, त्यांत निम्मा कांचन असतो, आणि दुसऱ्या दिवशी तो सगळा रस्त्यावर तुडवला जातो. एका घराला एक पान पुरतं.

मी फोनवरचं ॲप वापरतो. एकाच झाडाला सोमवारी एक नाव आलं, बुधवारी दुसरं. मग विश्वास कशावर ठेवायचा?
*— इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली*

ॲपला तू जे दाखवतोस तेवढ्यावरच ते बोलतं. सोमवारी फूल दाखवलंस आणि बुधवारी फांदी, असं झालं असेल. त्याचं उत्तर हा अंदाज समज आणि पुढची चौकशी स्वतः कर.

पहिली चौकशी पानाची. आपण ज्याला पान म्हणतो ते कित्येकदा अख्खं पान नसून त्याचा तुकडा, म्हणजे पर्णिका असते. ओळखायचं कसं? देठ जिथं फांदीला जोडला जातो त्या बेचक्यात बघ. तिथं बारीक डोळा, म्हणजे पुढची कळी असेल तर ते पान. पर्णिकेच्या बेचक्यात डोळा नसतो. कडुलिंबाची डहाळी घेऊन एकदा करून बघ. ज्याला लोक दहा-पंधरा पानं समजतात ते एकच पान निघतं. आठवीच्या मुलांना मी हे दाखवायची तेव्हा वर्ग दोन मिनिटं अगदी शांत व्हायचा.

मग बघ, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक. चीक येतो का, चुरगळल्यावर वास येतो का. साल गुळगुळीत, बुचासारखी, की काटेरी. फोटो चार काढ: पूर्ण झाड, बुंधा, पान दोन्ही बाजूंनी, आणि फूल बाजूनं. फूल नेहमी समोरून काढतात, खरी खूण पाठीमागं असते. पानाशेजारी रुपयाचं नाणं ठेव, म्हणजे आकार कळतो. तोडू नकोस, खाली पडलेलं पुष्कळ असतं.

आणि तारीख लिही, पेन्सिलनं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा कपाटातल्या माझ्या सगळ्या वह्या भिजल्या. शाईच्या पेनानं लिहिलेली वर्षं निळ्या डागांसारखी पसरून गेली. घाईत, बागेतच उभ्या उभ्या पेन्सिलनं केलेल्या नोंदी अजून स्वच्छ वाचता येतात. एका झाडाकडे दोन वेगळ्या महिन्यांत जाऊन आल्याशिवाय मी त्याचं नाव पक्कं लिहीत नाही. तूही तसं कर. मग ॲप काय म्हणतं ते आनंदानं बघ.

मुलांच्या बागेत घसरगुंडीच्या मागं पिवळ्या फुलांची उंच झुडपं आहेत. हिरवी, चौकोनी फळं पडतात. मुलं आतली कठीण बी काढून खेळतात. आम्हीही लहानपणी खेळायचो. काही भीती आहे का?
*— एक आई, मिरज*

आहे, आणि हे उत्तर कृपा करून आजच शेजारणींना वाचून दाखवा. ही बिट्टी, पिवळी कण्हेर. आपण सगळे बिट्ट्यांनी खेळलो आणि काही झालं नाही, म्हणून धोका नाही असं समजू नका. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, बी सगळ्यात जास्त. विष हृदयावर चालतं, ठोके मंदावतात, अनियमित होतात. मूल बी चावलं अशी नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नका, उलटी काढण्याच्या नादी लागू नका. तडक दवाखाना गाठा आणि फळ किंवा फांदी बरोबर घ्या, म्हणजे डॉक्टरांना कळेल. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

ओळख: पान लांब, अरुंद, चकचकीत, एकेक करून फांदीभोवती फिरत गेलेलं. लाल-गुलाबी कण्हेरीची पानं तीन-तीनच्या फेऱ्यात असतात, आणि तीही विषारीच. बागांत आणखी एक पिवळं झुडूप असतं, टेकोमा. त्याच्या फुलामुळं बिट्टीची शंका येते. पण टेकोमाचं पान संयुक्त, पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या, शेंगा लांब बारीक, आणि चीक नाही. तुम्ही चौकोनी हिरवं फळ लिहिलंत, तेव्हा बिट्टीच. शेळ्या खात नाहीत, पाणी लागत नाही म्हणून ती लावतात. रस्त्याच्या दुभाजकात खुशाल असू द्या. घसरगुंडीजवळ ती नको. बाग ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा आयांनी मिळून सह्यांचं पत्र द्या.

आमच्या फाटकावरच्या वेलाला पांढरी, गुलाबी आणि लाल अशी तीन रंगांची फुलं एकाच घोसात येतात. सासूबाई म्हणतात, दोन-तीन वेल एकमेकांत गुंतलेत. कुणी मधुमालती म्हणतं, कुणी माधवी. खरं काय?
*— एक वाचक, तासगाव*

वेल एकच आहे, आणि आपण सगळे तिला मधुमालती म्हणतो. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं. रात्री लांब सोंडेचे पतंग वासानं येतात, अंधारात त्यांना पांढरं दिसतं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं, मग लाल, तेव्हा दिवसाचे पाहुणे येतात. सासूबाईंना घेऊन संध्याकाळी एका पांढऱ्या फुलाच्या देठाला सैल दोरा बांधा आणि तीन दिवस बघा. पटवून द्यावं लागणार नाही.

हिचं जुनं शास्त्रीय नाव क्विस्क्वालिस. लॅटिनमध्ये 'क्विस' म्हणजे कोण, 'क्वालिस' म्हणजे कसला. सतराव्या शतकात इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर रुम्फियस नावाचा डच कंपनीचा माणूस झाडांचा अभ्यास करत होता. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली तरी त्यानं काम सोडलं नाही. आधी झुडपासारखी उभी राहणारी आणि मग वेल होणारी ही वनस्पती पाहून त्यानं तिचं नावच 'कोण? कसली?' असं ठेवलं. आता तिला कॉम्ब्रेटम वंशात घातलंय, पण ते जुनं नाव माझ्या मनातून जात नाही. तुमचं प्रत्येक पत्र त्याच दोन शब्दांनी सुरू होतं.

माधवी ही वेगळी. तिची फुलं पांढरट, पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या, एका पाकळीवर पिवळा रंग. फळाला तीन पंख असतात आणि ते भिरभिरत खाली येतं. नावं सारखी म्हणून दोघींची गल्लत होते, फळ बघितलंत की होणार नाही.

बहावा आणि सोनमोहर यात फरक काय? आणि बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो हे खरं का?
*— एक वाचक, वाई*

बहाव्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, पर्णिका मोठ्या, शेंग काळी, नळीसारखी, हातभर लांब. सोनमोहराचे तुरे वर उभे, कळ्या तपकिरी मखमलीसारख्या, पाकळ्या चुरगळलेल्या, पर्णिका गुलमोहरासारख्या बारीक, शेंगा चपट्या आणि तांब्याच्या रंगाच्या. शेंगा वर्षातले बरेच महिने झाडावर असतात, त्यामुळं फुलाची वाट बघायलाही नको.

पावसाचं म्हणाल तर माझ्या वहीत बहाव्याच्या पहिल्या फुलाच्या नोंदी आहेत. कधी मार्चअखेर, कधी एप्रिलचा मध्य. पाऊस दर वर्षी त्या हिशेबानं आला नाही. काही झाडांना श्रावण-भाद्रपदातही पुन्हा चार घोस येतात. म्हण म्हणून मला ती गोड वाटते, पेरणीचा दिवस तिच्यावर ठरवू नये.

बाई, मी नगरपालिकेच्या बागेत माळी आहे. साहेबांनी झाडांवर पाट्या करायला सांगितल्यात. भिंतीकडेच्या उंच सरळ झाडांना आम्ही अशोक म्हणतो. एक फिरायला येणारे काका म्हणतात, हा अशोक नव्हे. काय लिहू? आणि पाटीवर अजून काय असावं?
*— बागेतला एक माळी, सांगली जिल्हा*

दादा, पाटी लिहिण्याआधी विचारलंत, यासाठी तुमचे आभार मानते. काका बरोबर सांगतात. भिंतीकडेचं उंच, लांबट पानांचं, कडा लाटेसारख्या असलेलं झाड म्हणजे आसुपालव. त्याची फुलं फिकट हिरवी, चांदणीसारखी, पानांत लपलेली, फळं पिकून जांभळी-काळी होतात, वटवाघळं ती आवडीनं खातात. हेही झाड आपल्याकडचंच, चांगलंच. तेव्हा पाटीवर 'खोटा अशोक' असं हिणवणारं नाव नको, 'आसुपालव' लिहा.

सीता अशोक बुटका, पसरट, गर्द सावलीचा. पान संयुक्त. कोवळी पालवी तांबूस, चिंध्यांसारखी मऊ लोंबते, नंतर ताठ होते. फुलांचे गुच्छ जून फांद्यांवर येतात, आधी केशरी-पिवळे, मग लाल. त्या फुलाला पाकळ्याच नसतात. आपण ज्याला पाकळ्या समजतो ते चार रंगीत निदल, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी हिरवी दलं. तुमच्या बागेत एकही नसेल तर पावसाळ्यात एक सावलीच्या, ओल्या जागी लावा.

पाटीवर आपल्या भागातलं मराठी नाव सगळ्यात मोठं, दुसरं प्रचलित नाव असेल तर खाली, मग शास्त्रीय नाव देवनागरीत, मूळ मुलूख, आणि फुलण्याचे महिने. महिने जरूर लिहा. वाचणारा त्या महिन्यात परत येईल. शास्त्रीय नावं बदलतात, सोनचाफा आधी मिचेलिया होता, आता मॅग्नोलिया, म्हणून त्या ओळीखाली थोडी जागा सोडा.

आणि खिळा ठोकू नका. तारही आवळू नका. झाडाचं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरतं. खोड जाड होत गेलं की तार त्या थरात रुतते आणि मुळं उपाशी राहतात. लोखंडी सळीवर पाटी बसवून बुंध्यापासून दोन हात लांब जमिनीत रोवा. पैसे थोडे जास्त लागतील, साहेबांना माझं हे पत्र दाखवा.

फूल आणि फळ दोन्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाटी रंगवू नका. जिथं शंका असेल तिथं नुसता क्रमांक टाका. तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय, की पाण्याच्या टाकीजवळ गुळगुळीत, सोलवटलेल्या सालीचं एक झाड आहे आणि त्याला गेल्या वर्षीची लाकडी बोंडं अजून आहेत. तो तामण असावा, आपलं राज्यफूल. असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात जांभळा तुरा येईल, सहा पाकळ्या, इस्त्री मोडल्यासारख्या. पहिलं फूल दिसलं की मासिकाच्या पत्त्यावर एक कार्ड टाका. मी सकाळच्या एस.टी.नं येते, भिंग आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन. बागेत आधी एक फेरी मारू, मग पाट्यांना बसू.